आम्ही पूल सारवला

कैचीचा पूल पुरात वाहून गेला असं कुणी म्हटलं की मी अजून भांडते. या वयातही भांडते. परवा नातसुनेच्या माहेरचे पाहुणे आले होते, चांगले शिकलेले. घाटावर फिरून आले, नदीतले ते दगडी खांब पाहून आले आणि चहा पिता पिता मलाच सांगू लागले, "आजी, जुना पूल होता म्हणे तिथं, तापीच्या पुरात गेला." मी कपबशी खाली ठेवली. म्हटलं, तापीला उगाच बोल लावू नका. तापीनं किती वर्षं त्याला हात लावून पाहिला, कितीदा त्याच्या फळ्यांपर्यंत चढून आली, आणि दर वेळी तीच माघारी गेली. पूल गेला नाही, नेला. चांगला धडधाकट उभा असताना नेला. सून डोळ्यांनी खुणावत होती, पाहुणे आहेत, गप्प बसा. मी कसली गप्प बसते! आमच्या मायनं तो पूल सारवला होता, शेणामातीनं, घर सारवतात तसा, आणि नेण्याआधी त्याच्यावरून शेवटचं कोण चालत आलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा आता नीट लिहूनच ठेवते. म्हणजे पाहुण्यांशी भांडायचा त्रास तरी वाचेल.

कैची म्हणजे काय, ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. छपराखाली सुतार आडव्या-तिरप्या लाकडांची तिकोनी बांधणी करतो, तिला आमच्याकडे कैची म्हणतात. तशाच कैच्या, पण लोखंडाच्या, दोन्ही अंगांना भिंतीसारख्या उभ्या, आणि मधून रस्ता. ऊन तिरपं झालं की रस्त्यावर तिकोनी सावल्यांची रांग पडायची आणि आम्ही पोरी एका सावलीतून दुसरीत उड्या मारत जायचो. नाना, म्हणजे माझे वडील, सांगायचे की हा पूल मुळात आमच्या नदीचा नव्हेच. तो आधी दूर कुठल्या तरी नदीवर आगगाडीखाली होता. पुढे इंजिनं जड झाली, पूल हलका ठरला, तेव्हा साहेबानं त्याचे तुकडे करून इकडे आणला आणि बैलगाड्यांच्या वाटेवर जोडून दिला. हे ऐकून माय म्हणाली होती, "म्हणजे बिजवर आहे म्हणा की!" आणि लगेच पुलाची बाजू घेऊन म्हणाली, "असू द्या. बिजवर असला तरी अंगानं खणखणीत आहे." तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या बाया त्याला बिजवरच म्हणायच्या. रंगारी येऊन त्याला तांबडा रंग देऊन गेले तर म्हणायच्या, "पाहा व माय, पुन्हा बाशिंग बांधायले निघाला."

त्याच्यावर जाड लाकडी फळ्या होत्या, आणि गाडी चढली की त्या बोलायला लागायच्या. वारा नदीकडून असला की तो आवाज आमच्या लोधीपुऱ्यातल्या घरापर्यंत यायचा. रिकामी गाडी खडखडायची, कापसानं लादलेली दबक्या आवाजात धडधडायची, आणि म्हशींचा कळप आला की कुणी सुपात चिंचोके घोळवतंय असं वाटायचं. शेजारी खातूनचाचीच्या घरात हातमाग चालायचा, खट-खटक, खट-खटक. दुपारी कापसाच्या जिनाचा भोंगा. या सगळ्या आवाजांच्या मधोमध माय चुलीसमोर बसलेली असायची. रोजची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, लसणाचा ठेचा आणि परसातल्या वांग्यांची भाजी. सणाला मात्र मांडे. पिठाचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत ती इतका पातळ करायची की पलीकडचा दिवा दिसावा, आणि मग उलट्या खापरावर अलगद सोडून द्यायची. मी पुढे पुष्कळ घरं पाहिली, पुष्कळ शहरं पाहिली, पण तसा मांडा कुणाच्या हातचा खाल्ला नाही. हे लिहिताना सून वाचेल तर वाचू दे.

नाना जिनात वजनकाट्यावर होते. मऊ माणूस. कचेरीचा शिपाई समोरून आला तरी टोपी सारखी करायचे. माय दापोऱ्याची, शेतकऱ्याची लेक, सुगंधा तिचं नाव. तिचा आवाज या बांधावरून त्या बांधावर पोचायला घडलेला, तो गल्लीत कसा मावणार? तिचं आणि खातूनचाचीचं रोजचं भांडण ठरलेलं. चाचीच्या कोंबड्या आमची वांग्यांची रोपं उकरायच्या. माय कुंपणावरून ओरडायची, "खातूनबी, तुझ्या कोंबडीले एक दिवस भरीत करून घालीन!" आणि तिकडून उत्तर यायचं, "पहले बैंगन तो उगा, सुगंधा!" मग दुपारी दोघी एकमेकींना वाटी पाठवायच्या. खातूनचाची आमच्या गल्लीची दाई होती. अर्धी गल्ली तिच्या हातांत जन्मली. मीसुद्धा.

आक्का, माझी मोठी बहीण मथुरा, नदीपलीकडच्या एका खेड्यात दिली होती. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं-पणतवंडं आहेत, कुणाला वाईट वाटायला नको. पूल ओलांडला की गाडीवाट, आणि थोडं चाललं की तिचं घर. घर खाऊन-पिऊन सुखी होतं, दाजी गरीब स्वभावाचे, आणि सगळा कारभार सासूच्या हातात. सारजाबाई. उंच, काटक, कपाळावर आडवं कुंकू. आक्काचं पहिलं बाळ तिथंच झालं आणि तिथंच गेलं. आणि आक्का अशी आली आमच्याकडे की तिला ओळखायलाही मायला क्षणभर लागला. त्यानंतर पुन्हा दिवस गेले तेव्हा मायनं मनाशी गाठ मारली की या खेपेला बाळंतपण माझ्याच घरात, खातूनबीच्याच हातांनी.

पण आमच्याकडे एक रीत होती. पाचवा महिना लागला की गरवार बाईनं नदी ओलांडायची नाही. ही रीत सगळे पाळायचे, मायसुद्धा पाळायची. पाचव्याच्या आत आक्काला आणू म्हणत होतो, तर तिकडे निंदणी लागली, सारजाबाईंनी सोडली नाही. मग पावसाची झड लागली. तापी भरली. आणि त्याच सुमारास नाना जिनातून एक बातमी घेऊन आले. लढाई चालली होती, सरकारला लोखंड हवं होतं, आणि साहेबाची नजर आमच्या बिजवरावर पडली होती. पूल खोलणार. आता नवं काय बांधणार, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. लढाई झाल्यावर पाहू. पलीकडच्या गावांनी काय करायचं? नावेनं यायचं. आणि पुरात? पुरात घरी बसायचं. नाना हे सगळं खाली मान घालून सांगत होते, जणू त्यांनीच पूल विकला. मायनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"आठवड्याभरात हात घालतील."

दुसऱ्या दिवशी माय खातूनचाचीला आणि मला घेऊन निघाली. सोबत ओटीचं सामान, खण, नारळ, आणि डब्यात रव्या-तुपाचा गोड दराबा. पलीकडे ओसरीवर शेजारच्या बाया जमल्या, ओटी भरली, हसणं-खिदळणं झालं. मग चाची आक्काला आतल्या खोलीत घेऊन गेली. बाहेर आली तेव्हा तिनं पदरानं हात पुसले आणि मायच्या कानाशी म्हणाली, "बच्चा आडा है, सुगंधा. मैं सीधा करूँगी, मगर रोज हाथ फेरना पड़ेगा. इसको उस पार ले चल." चाचीचं हे बोलणं कानाशी होतं खरं, पण मी मायला चिकटून बसले होते, मला ऐकू आलं. मायचा चेहरा कसा झाला तेही मी पाहिलं.

ती सरळ सारजाबाईंसमोर जाऊन बसली. "इहीणबाई, मथुराले मी घेऊन जाते."

"गरवार बाई नदीवरून जात नाही," सारजाबाई म्हणाल्या. "आमच्या घरातली तर नाहीच नाही."

"नदीवरून कुठी नेते मी? पुलावरून नेते."

"पुलाखाली काय दूध वाहतं? पाणीच ना? पाय जमिनीवरून सुटला का झालं."

त्या उगाच अडून बसल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांची लेक गंगू आठव्या महिन्यात हट्टानं नावेतून माहेरी आली होती. आली ती तापानं फणफणत, आणि बाळंतपणात ती आणि मूल, दोन्ही गेली. तेव्हापासून सारजाबाईंनी स्वतः कधी नदी ओलांडली नव्हती. बाजारालाही नाही, लग्नालाही नाही. आक्काला आमच्या घरी पाठवायच्या तेव्हा पुलाच्या तोंडापर्यंत येऊन माघारी फिरायच्या. आक्कानं मला हे पुढे सांगितलं. मायला मात्र ठाऊक असावं, कारण ती चिडली नाही. म्हणाली, "मग जमिनीवरून नेते."

"ने ना!" सारजाबाईंना वाटलं आता ही हरली. "पुलाची जमीन कर. तुझ्या अंगणासारखा सारव, अन् ने तुझ्या लेकीले. मी सोता येईन पोचवायले."

बाया हसल्या. माय हसली नाही. "एवढ्या जणींसमोर बोलल्या तुम्ही."

"सारजा बोलली का बोलली."

"मग मी शेण गोळा करायले लागते," असं म्हणून माय उठली, आणि बायांचं हसणं तिथंच थांबलं.

परत येताना ती पुलावर हळू चालत होती. पायानं फळ्या दाबून पाहत होती, कुठं भेग आहे, कुठं खिळा वर आला आहे. मला वाटलं, दुःखानं चालवत नाही तिला. चाचीनं मात्र ओळखलं. म्हणाली, "या अल्ला, तू सच में करेगी?" माय म्हणाली, "तू पाणी ओढशील का माती कालवशील, ते सांग." आज मागं वळून पाहते तेव्हा वाटतं, माय रीत मोडणारी बाई नव्हतीच. रीतीला कामाला लावणारी होती. तिला कुणी म्हटलं असतं की ही अंधश्रद्धा आहे, तर तिनं त्यालाही एक पाटी डोक्यावर दिली असती.

घरी आल्या आल्या तिनं परसात कुदळ मारली. माती आमच्याच घरची पाहिजे होती, माहेरची. दुसऱ्याची माती कितीही चांगली असली तरी ती परकी. वांग्यांचे वाफे गेले, कोथिंबीर गेली. खातूनचाचीच्या कोंबड्यांना एवढा आनंद आयुष्यात झाला नसेल. नाना जिनातून आले तर परसात माणूस उभा राहील एवढा खड्डा.

"अगं, सरकारी पूल आहे तो," नाना म्हणाले.

"सरकारनं टाकून दिला ना? टाकलेल्या वस्तूले सारवलं तर सरकारचं काय झिजतं?"

"पकडून नेतील."

"नेऊ द्या. कोठडी सारवीन. तिथी तरी कुणी सारवलं असेल कधी?"

नानांनी टोपी काढून खुंटीला लावली, जेवले, आणि गुपचूप जिनात परत गेले. मला त्यांचा राग आला होता. लहानपणी आपल्याला वाटतं की जो ओरडत नाही तो आपल्या बाजूचा नाही.

त्या आठवड्यात पावसानं उघडीप दिली होती. आकाशात ढग होते पण कोरडे. सकाळी आमच्या गल्लीतल्या बाया निघाल्या, डोक्यावर मातीच्या पाट्या, शेणाच्या टोपल्या. कुणी बोलावलं नव्हतं. मायनं अंगणात पाटी भरली आणि ती उचलायला शेजारीण आली, तिच्या मागून दुसरी. बुधवाऱ्याच्या बाजारातून जाताना दुकानांतले लोक बाहेर येऊन पाहू लागले. एका कापडवाल्यानं विचारलं, "कुणाचं घर सारवायला चालल्या?" एक म्हातारी म्हणाली, "बिजवराचं!" आणि त्याला काही समजलं नाही.

पाणी तापीचंच. दोराला बादली बांधून पुलावरून खाली सोडायची आणि ओढायची. तांबडं, गढूळ पाणी. फळ्यांच्या फटी आधी चिखलानं बुजवल्या, मग शेणामातीचा काला, आणि मग बाया उकिडव्या बसून हातानं सारवू लागल्या, अर्धगोल, अर्धगोल, एकमेकींच्या मागं सरकत. पुलाची सगळी रुंदी नाही, एका बाईला चालता येईल एवढा पट्टा. तरी त्या काठापर्यंत पोचायचं म्हणजे काही थट्टा नव्हती. माझे तळहात सोलून निघाले. खाली नदी घोंघावत होती, दोन्ही अंगांना लोखंडाच्या कैच्या, आणि मधे बाया जात्यावर बसल्यासारख्या निवांत बोलत, एकीची सून कशी, दुसरीचं लोणचं कसं बिघडलं. गाडीवाले यायचे, बघायचे आणि बैलांना एका अंगानं काढायचे. एक म्हातारा गाडीवान तर खाली उतरून पुढे झाला आणि बैलांच्या शिंगांना धरून त्यांना सारवणाच्या कडेनं असं नेलं, जसं कुणाच्या झोपलेल्या पोराशेजारून नेतात.

मग ओव्हरसियर आला. परगावचा माणूस, खाकी कोट, बगलेत छत्री. त्याला कुणी तरी जाऊन सांगितलं होतं. "ये क्या है? सरकारी लकड़ी को गोबर किसने लगाया?"

माय उठली. कोपरापर्यंत हात भरलेले. तिचं हिंदी भाजीबाजारातलं. "साहब, लोखंड तुम्हारा, लकडी तुम्हारी. मिट्टी हमारी है. ले जाते वखत झटकके हमको वापस दे देना."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब तापला. म्हणाला, परसों से पूल बंद, इस पर कोई आदमी नहीं चलेगा, हुकूम है.

"परसों से ना?" खातूनचाची चिखलातून मान वर न करता म्हणाली. "तो कल तक तो खुला है, भैया."

तो छत्री आपटत गेला. त्याची नोकरी होती, हे मला आता कळतं. पण त्या दिवशी त्यानं मायकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी त्याला अजून माफ केलेली नाही, आणि करायची घाईही नाही.

दुसऱ्या सकाळी सारवण वाळून घट्ट बसलं होतं. माय आणि मी कडेकडेनं, सारवणावर पाय न पडू देता, पलीकडे गेलो. सारजाबाई दारातच उभ्या होत्या. बातमी त्यांच्याकडे आमच्या आधी पोचली होती. त्यांनी आक्काला हाताशी धरलं, दाजींनी बोचकं घेतलं आणि आम्ही पुलाच्या तोंडाशी आलो. तिथं सारजाबाई वाकल्या. अंगठ्याच्या नखानं सारवण खरवडून पाहिलं. लाकूड लागलं नाही. बोट नाकाशी नेलं.

"हात बरा आहे तुमचा," त्या म्हणाल्या. झालं, एवढंच. दिलेला शब्द त्यांनी गिळला नाही, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

आक्का अनवाणी चालू लागली. पुढे माय, शेजारी सारजाबाई, नजर आक्काच्या पावलांवर रोवलेली, मागे मी. दाजी काठावर थांबले, आईनंच थांबवलं त्यांना. आक्का सावकाश टाच टेकवत होती. म्हणाली, "माय, पायाले गार लागतं. घरासारखं." सारजाबाई स्वतःही अनवाणी झाल्या होत्या हे मला तेव्हा दिसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचे पाय नदीवर आले होते, आणि त्यांच्या ओठांची सारखी हालचाल होत होती.

नदीच्या मध्याशी आलो आणि माय थबकली. पुढे फळ्या नव्हत्या. सकाळी आम्ही पलीकडे गेल्यावर साहेबानं माणसं लावून मधल्या फळ्या उपटल्या होत्या, आमचं सारवण अंगावर घेऊन त्या पलीकडे रचून ठेवलेल्या दिसत होत्या. दोन लोखंडी तुळयांच्या मधे उघडी पोकळी, आणि खाली तापी, तिच्यात एक अख्खं झाड मुळं वर करून चाललेलं. पलीकडून साहेब हात हलवून ओरडत होता, वापस जाओ, वापस जाओ.

"संपलं तुझं अंगण," सारजाबाई म्हणाल्या. त्यात जिंकल्याचा आवाज नव्हता. "चल मथुरा, घरी."

आक्कानं पोटावर हात ठेवला. ती रडली नाही, मागेही फिरली नाही. तिथंच उभी राहिली. म्हणाली, "आत्याबाई, मी मागं गेले तर पुन्हा इथपर्यंत यायची नाही." तिला कुणी सांगितलं नव्हतं बाळ आडवं आहे म्हणून. पण बाईला आपल्या पोटातलं कळतं.

माय ओणवी होऊन फटीतून पाहत होती, जणू तिथं काही तरी सापडेल. आणि मी समोर पाहिलं तर आमचं दार चालत येत होतं.

खरं सांगते. आमच्या घराचं मोठं दार, त्याच्यावरची हळदीची स्वस्तिकं, दिवाळीचे गेरूचे ठसे, कडी लोंबत असलेली. दाराखाली चार पाय. पुढचे नानांचे, मागचे खातूनचाचीच्या नवऱ्याचे. फळ्या उपटताना चाचीनं पाहिलं आणि ती धावत जिनात गेली होती. नाना काटा सोडून उठले. चालू वजन टाकून नाना उठले, हे जिनात पुढे वर्षभर सांगत होते लोक. घरी येऊन त्यांनी दार चौकटीतून उचललं आणि डोक्यावर घेतलं. घर उघडं टाकून.

साहेब आडवा आला. "ए बाबू! पूल बंद है!"

नानांची टोपी नव्हती डोक्यावर, दार होतं. सारखी करायला हात मोकळा नव्हता. म्हणाले, "बंद है, मालूम है. इसीलिए दरवाजा लाया." आणि त्याला वळसा घालून पुढे आले. त्यांचा आवाज मोठा झाला नाही. मी सांगते ना, तो माणूस कधी ओरडलाच नाही.

दोघांनी दार या तुळईवरून त्या तुळईवर टाकलं. बरोबर बसलं. नानांनी त्याच्यावर उभं राहून पाहिलं, एकदा उडी मारून पाहिलं, आणि मग आक्काकडे पाहिलं.

"माती नाही याच्यावर," सारजाबाई म्हणाल्या.

माय दारावरून पलीकडे गेली, वळली आणि कमरेला खोचलेल्या फडक्यातून भाकरीचा तुकडा काढला. "इहीणबाई, हे माझ्या घराचं दार आहे. माझी लेक दारात उभी आहे. दारात आलेल्या लेकीले माती कोण विचारतं? आता तिले मागं फिरवाल तर माहेरच्या दारातून फिरवाल." आणि तिनं नदीच्या मधोमध, लोखंडाच्या कैच्यांच्या मधे, लेकीवरून तुकडा ओवाळला आणि तापीत टाकला. "ये व मथुरा. घरात ये."

आक्का आली. चार पावलं असतील. मला ती अजून मोजता येत नाहीत, माझे डोळे मिटलेले होते.

उघडले तेव्हा सारजाबाई सारवणावर बसल्या होत्या, फतकल घालून, जशी बाई स्वतःच्या ओसरीवर बसते. "माझ्या गंगूसाठी कुणी दार नाही आणलं व," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कोण जाणे. माय दारावरून परत अलीकडे आली आणि त्यांच्याशेजारी बसली. साहेब तावातावानं जवळ आला होता. त्यानं त्या दोघींना पाहिलं आणि छत्री खाली केली, माणसांना म्हणाला, पहले इनको निकल जाने दो. सारजाबाई पुढे आल्या नाहीत. मायनं "या" म्हटलं, तरी नाही. उठल्या आणि सारवणावरून एकट्या माघारी गेल्या, अगदी सावकाश.

पूल खोलायला लागले तशा आमच्या घरात दुसऱ्याच गोष्टी चालू होत्या. नदीकडून दिवसभर घणांचे आवाज यायचे, लोखंडावर लोखंड, आणि इकडे खातूनचाची तेलाच्या हातानं आक्काच्या पोटावरून हात फिरवत बाळाशी बोलायची, "घूम जा बेटा, घूम जा, इधर दरवाजा है." बाळ वळलं. तरी बाळंतपण सोपं गेलं नाही. जनाना दवाखान्यातल्या बाईंनाही बोलावावं लागलं, आणि चाची आणि त्या, दोघी मिळून घामाघूम झाल्या. मुलगी झाली. जोरात रडली. माय म्हणाली, "आवाज माझ्यावर गेला." नाना म्हणाले, "मग गल्लीचं काही खरं नाही."

बिजवराच्या कैच्या गाड्यांवर लादून स्टेशनाकडे नेल्या. बैल घाबरायचे त्या आकारांना. पुढे त्यांचं काय झालं? कुणी म्हणे जहाजं केली, कुणी म्हणे तोफगोळे, आणि एक रेल्वेवाला नानांना म्हणाला होता की कुठल्याशा यार्डात गवतात गंजत पडल्या, लढाई संपली तरी. मला तेच खरं वाटतं. घेऊन जायची घाई आणि वापरायला विसरायचं, हे मी पुढच्या सरकारांतही पाहिलं. पण काही म्हणा, तो गेला तो आमचं काम करून गेला, आणि पुरानं नेला असं माझ्या घरात कुणी बोलायचं नाही.

पाणी उतरलं, नावा सुरू झाल्या. बाळंतपणाला सव्वा महिना उलटून गेला होता. एका सकाळी निरोप आला की पलीकडून नाव येते आहे आणि तिच्यात सारजाबाई आहेत. कुणाचा विश्वास बसेना. आम्ही सगळी घाटावर गेलो, बाळाला दुपट्यात गुंडाळून. नाव उघड्या खांबांच्या मधून येत होती. सारजाबाई मधल्या फळीवर ताठ बसल्या होत्या, डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हातांनी नावेच्या कडा धरलेल्या, आणि समोर एक मोठी पाटी. पाटीत त्यांच्या अंगणातली माती होती, आणि मातीत घोट्यापर्यंत रोवलेले त्यांचे दोन्ही पाय.

घाटावर एक-दोघं हसली. माय त्यांच्याकडे अशी वळली की ती गप्प झाली.

नाव टेकली. नावाडी म्हणाला, "उतरा माय, आला काठ."

सारजाबाईंनी डोळे उघडले, पण पाय काढले नाहीत. "उतरत नाही," त्या म्हणाल्या. "आधी माझी नात माझ्या मांडीवर द्या."

माय चप्पल न काढता, लुगडं न खोचता, बाळाला घेऊन पाण्यात उतरली.